लहान गाडीची स्टेशनं



रेल्वेचं जुनं स्टेशन म्हटलं, की बहुतेकांच्या डोळ्यांपुढे मुंबईचं बोरीबंदर उभं राहतं. फ्रेडरिक स्टीव्हन्स या वास्तुशिल्पज्ञानं त्याचा आराखडा केला. १८७८ साली काम सुरू झालं आणि दहा वर्षांनी संपलं. २००४ साली जागतिक वारशाच्या यादीत त्याचं नाव गेलं. आपल्या विदर्भापुरतं बोलायचं तर नागपूरच्या स्टेशनाची दगडी इमारत आठवते. ती १९२५ सालची. अशा इमारतींवर पुस्तकं निघतात, त्यांची छायाचित्रं भिंतींवर लागतात. ते योग्यच आहे.

पण मी आज ज्या स्टेशनांबद्दल बोलणार आहे, त्यांची छायाचित्रं कुणी भिंतीवर लावलेली नाहीत. एक खोली, पुढे पडवी, उतरतं छप्पर आणि बाजूला एक निंबाचं झाड, एवढाच त्यांचा थाट. यवतमाळहून लाडखेड, दारव्हा, कारंजा करत मूर्तिजापूरला जाणारी आमची लहान गाडी ज्या स्टेशनांवर थांबत असे, ती ही स्टेशनं. या गाडीला लोकांनी लाडानं 'शकुंतला' हे नाव दिलं. ती आता बंद आहे. रुळांवर गवत आणि बाभळी माजल्या आहेत. तुमच्यापैकी अनेकांच्या गावाजवळ असं एखादं स्टेशन अजून उभं असेल, किंवा पडत असेल. त्याचं काय करायचं, हा माझ्या आजच्या बोलण्याचा विषय आहे.

आधी थोडा इतिहास सांगतो. मी महाविद्यालयात इतिहास शिकवतो, तेव्हा तेवढी मुभा मला द्या.

मुंबईहून निघालेला मोठा लोहमार्ग वऱ्हाडातून नागपूरला पोचला १८६७ साली. त्याआधीच अमेरिकेत यादवी युद्ध होऊन गेलं होतं. १८६१ ते १८६५ या काळात तिकडचा कापूस इंग्लंडला मिळेना, म्हणून मँचेस्टरच्या गिरण्यांची नजर आपल्या काळ्या मातीकडे वळली. वऱ्हाडचा कापूस एकाएकी सोन्याच्या मोलाचा झाला. मोठा लोहमार्ग मात्र अकोला, बडनेरा, धामणगाव असा वरून गेला. यवतमाळचा भाग राहिला खाली, डोंगराळ पठारावर. तेव्हा यवतमाळला सर्वांत जवळचं स्टेशन धामणगाव, म्हणजे २९ मैल दूर. आजच्या मापानं सुमारे ४७ किलोमीटर. भरलेली बैलगाडी घेऊन जायचं म्हणजे वाटेत एक मुक्काम आला. चाकं रुतली, पाऊस आला, तर दोन मुक्काम.

१९०५ साली वणी जिल्ह्याचं नाव बदलून यवतमाळ जिल्हा झालं. पुढे १९१० साली मुंबईच्या किलिक निक्सन या इंग्रज पेढीनं 'सेंट्रल प्रॉव्हिन्सेस रेल्वे कंपनी' उभी केली. तिनं मूर्तिजापूर हे नाकं धरलं आणि दोन फाटे काढले. एक उत्तरेला अचलपूरकडे, सुमारे ७६ किलोमीटरचा. दुसरा यवतमाळकडे, सुमारे ११३ किलोमीटरचा. रूळ घातले अरुंद, दोन रुळांमधलं अंतर अडीच फूट. मोठ्या लोहमार्गाचं हेच अंतर साडेपाच फूट असतं. अरुंद रुळांना जागा कमी लागते, पूल लहान चालतात, वळणं आखूड घेता येतात. म्हणजे खर्च कमी. कंपनीला माणसांची हौस नव्हती, तिला कापूस हवा होता.

हे ध्यानात घेतलं, की स्टेशनांची रचना आपोआप कळते. शेतकरी आणतो तो कापूस सरकीसकट असतो. जिनात सरकी वेगळी झाली की शंभर किलोंतून सुमारे तेहेतीस-चौतीस किलो रुई उरते. ती फुगलेली रुई प्रेसमध्ये दाबली की तिची घट्ट गाठ होते. मग गाडीच्या डब्यात हवा भरून न्यावी लागत नाही, माल भरून नेता येतो. म्हणून जिन आणि प्रेस स्टेशनाच्या आसपास यायचे. कापूस भरण्याच्या मोठ्या स्टेशनावर मालधक्का असायचा डब्याच्या जोत्याइतका उंच, म्हणजे गाठ उचलावी न लागता लोटत नेता यावी. उतारूंसाठी मात्र फलाट जमिनीबरोबर. तिथे उंचवटा करावा असं कुणाला वाटलं नाही.

आता गंमत पाहा. कंपनीनं काटकसर म्हणून जे केलं, ते गरिबाच्या पथ्यावर पडलं. फलाट जमिनीबरोबर, डबा बुटका. त्यामुळे डोक्यावरची टोपली डब्याच्या दारात सहज टेकवता येई. म्हातारी माणसं पायरीला हात लावून चढत. मोठ्या गाडीत चढताना जी धांदल होते ती इथे नव्हती.

माझं आजोळ या लाईनीवरचं. गावाचं नाव सांगत नाही, कारण तिथल्या स्टेशनाची जी कथा, तीच या रस्त्यावरच्या बहुतेक स्टेशनांची आहे. लहानपणी उन्हाळ्याच्या सुटीत आम्ही भावंडं यवतमाळहून त्या गाडीनं जात असू. इंजिन वाफेचं होतं. ते १९२१ साली मँचेस्टरला बांधलेलं, आणि १९२३ पासून या रुळांवर धावणारं. म्हणजे आमचा कापूस मँचेस्टरला जायचा आणि मँचेस्टरचं इंजिन तो ओढायचं. लहान वयात हे काही ठाऊक नव्हतं. ठाऊक होती ती खिडकीतून येणारी कोळशाची कणी, जी हमखास डोळ्यात जायची. मग आजी पदराचं टोक फुंकून गरम करायची आणि डोळ्याला लावायची. ती म्हणायची, ''ही गाडी आपल्या बैलगाडीवानीच हाय रे बाप्पा. बैल तेवढा धूर सोडते.''

तिचं म्हणणं अगदीच चूक नव्हतं. ११३ किलोमीटरला सहा-सात तास लागत. पण आजोळच्या स्टेशनात उतरलं की एक वेगळाच रुबाब होता. भिंतीत अर्धवर्तुळाकार तिकीटखिडकी, तिच्यावर लाकडी झडप. आत घड्याळ, कंदिलांची फडताळं, काळ्या रंगाचा वजनकाटा. पडवीत दगडी ओटा. गावात कुणाकडे घड्याळ बिघडलं, तर ते स्टेशनावर येऊन लावून नेत. स्टेशनमास्तर हे गावातलं मोठं माणूस होतं. पत्र वाचून घ्यायला, अर्ज लिहून घ्यायला लोक त्यांच्याकडे येत. उन्हाळ्यात रांजणातलं पाणी प्यायला गाडीनं न जाणारी माणसंही येत. गाडी दिवसातून एकदा येई, पण स्टेशन दिवसभर चालू असे.

१५ एप्रिल १९९४ रोजी वाफेचं इंजिन थांबलं आणि डिझेल इंजिन आलं. कोळशाची कणी गेली, हे बरंच झालं. पण इंजिनाला पाणी पाजण्याच्या टाक्यांचं काम त्या दिवशी संपलं. टाकी निकामी झाली, तसा पाण्याचा नळ गेला, नळावरची माणसंही गेली. हळूहळू लहान स्टेशनांवरचे मास्तर निवृत्त झाले, त्यांच्या जागी दुसरे आले नाहीत. पुढे पुढे तर गाडीवरचा गार्डच तिकिटं देऊ लागला, आणि वाटेतली फाटकं गाडीचीच माणसं खाली उतरून लावत, गाडी पुढे गेली की उघडत. लोक हे कौतुकानं सांगत. मला मात्र आता वाटतं, की स्टेशनाच्या पडझडीची खरी सुरुवात तिथे आहे. आधी इमारतीतून माणूस गेला. मग दार मोकळं राहिलं. मोकळ्या दाराची कडी गेली, कडीमागून फळी गेली, आणि एका पावसाळ्यात छपरातून पाणी खाली आलं. गाडी बंद पडली ती त्यानंतर, गेल्या दहा-बारा वर्षांत. म्हणजे गाडी चालू असतानाच स्टेशनं ओस पडली होती.

असं का झालं? याचं एक उत्तर नेहमी ऐकायला मिळतं, की ही गाडी स्वातंत्र्यानंतरही इंग्रजांचीच राहिली, आपण त्यांना भाडं भरत राहिलो. शाळेतली मुलंसुद्धा हे सांगतात. त्यात खरं किती ते पाहू. १९१३ च्या सुमाराला सरकार आणि कंपनी यांच्यात करार झाला. रूळ कंपनीचे, गाडी चालवायची मोठ्या रेल्वेनं आणि कंपनीला त्याचा मोबदला द्यायचा, अशी ती व्यवस्था. १९५१ साली मध्य रेल्वे झाली, तरी हा फाटा कराराखालीच राहिला. एवढं खरं. पण किलिक निक्सन ही पेढी स्वातंत्र्यानंतर भारतीयांच्या हाती आली. तेव्हा 'इंग्रजांची गाडी' हे म्हणणं ऐकायला चुरचुरीत असलं, तरी बरोबर नाही. गुरुजींनी ते वर्गात दुरुस्त करावं.

खरं दुखणं मालकाच्या कातडीच्या रंगात नव्हतं. आपण शेतकरी माणसं आहोत, आपल्याला हे चटकन कळेल. मक्त्यानं केलेल्या वावरात शेणखत कोण टाकतो? मक्तेदार म्हणतो, वावर माझं नाही. मालक म्हणतो, पीक माझं नाही. बांध फुटला तर दोघंही एकमेकांकडे बोट दाखवतात. इथे रूळ एकाचे आणि गाडी दुसऱ्याची. रूळ झिजले, लाकडी स्लीपर कुजले, गाडीचा वेग कमी कमी होत गेला.

दुसरं कारण मूर्तिजापूरला होतं. लहान गाडीतली गाठ मोठ्या गाडीत घालायची तर माणसांनी ती एका डब्यातून काढून दुसऱ्या डब्यात चढवायची. मजुरी स्वस्त होती आणि रस्ते नव्हते, तोवर हे चाललं. पुढे सडका झाल्या, मालमोटारी आल्या. प्रेसच्या दारात भरलेली गाठ थेट गिरणीच्या दारात उतरू लागली. मग मूर्तिजापूरचा खटाटोप कोण करणार? कापूस गेला आणि ज्या कामासाठी ही गाडी जन्मली ते काम संपलं.

तरीही गाडी पुढे कित्येक वर्षं चालली. ती कुणी चालवली? टोपलीवाल्यांनी.

माझी मावशी त्यांच्यातली. दीड एकर ओलिताच्या तुकड्यावर ती वांगी, सांभार, मेथी लावायची. सीताफळांच्या दिवसांत सीताफळं. गाडीचं तिकीट मोटारीच्या मानानं फार थोडं. टोपली डब्यात ठेवायची, वर पदर टाकायचा आणि बाजाराला जायचं. दारव्ह्याला भाव पडला असं कानावर आलं, तर यवतमाळला. डब्यात चार गावच्या बाया भेटायच्या, कुठे काय भाव आहे ते तिथेच कळायचं.

गाडी बंद झाल्यावर मी एकदा तिच्याकडे गेलो होतो. अंगणात मोटारसायकल उभी होती. एक व्यापारी मेथीच्या जुड्या मोजून घेत होता. त्यानं भाव सांगितला, मावशीनं मान हलवली, तो गेला. मी म्हटलं, ''मावशी, तू घासाघीस केली नाहीस?'' ती म्हणाली, ''काय्ले करू बाप्पा? त्याले मालूम हाय, मी आता कुठं जातो ते.''

श्रोते हो, मी इतिहासाची पुस्तकं पुष्कळ वाचली आहेत. पण दळणवळण म्हणजे काय, हे मला त्या एका वाक्यानं जितकं समजलं तितकं पुस्तकांनी समजलं नव्हतं. मोटारीला टोपलीचं वेगळं भाडं, रिक्षाला सकाळची खात्री नाही. मावशीच्या हातात पूर्वी दोन बाजार होते, आता एकही उरला नव्हता. तिच्या गावचं स्टेशन पडलं, म्हणजे नुसती एक खोली पडली नाही. 'हा भाव मला पुरत नाही, मी दुसरीकडे जाते' असं म्हणण्याची तिची ताकद त्याच्याबरोबर गेली.

म्हणून लोक शकुंतलेसाठी मागणी करत राहिले, तेव्हा ती केवळ जुन्या आठवणींची हौस नव्हती. रूळ रुंद करण्याची घोषणाही २०१६ साली झाली. दुसरीकडून वर्धा-यवतमाळ-नांदेड हा २८४ किलोमीटरचा मोठ्या रुळांचा मार्ग आखला गेला आहे. २८ फेब्रुवारी २०२४ रोजी त्यातला वर्धा ते कळंब हा टप्पा सुरू झाला. वणीकडे मोठी गाडी पूर्वीपासून होती, पण जिल्ह्याच्या या मधल्या भागाच्या दृष्टीनं कळंबला गाडी येणं ही मोठी गोष्ट आहे. तिचं स्वागतच करायला हवं. जुनी गाडी तशीच्या तशी पुन्हा चालवा, असं मी म्हणणार नाही. सहा-सात तासांत ११३ किलोमीटर जाणाऱ्या गाडीत आजचा विद्यार्थी बसणार नाही, आजारी माणूस तर नाहीच नाही.

माझं म्हणणं दोन गोष्टींपुरतं आहे.

पहिली गोष्ट नव्या स्टेशनांबद्दल. नवी इमारत येईल ती पक्की असेल, फलाट उंच आणि लांब असेल, फरशी चकचकीत असेल. पण बांधणाऱ्याला गावानं वेळीच विचारलं पाहिजे. डोक्यावर टोपली घेतलेल्या बाईला फलाटावर यायला चढाची वाट आहे का, की नुसत्याच पायऱ्या आहेत? टोपली टेकवायला सावलीची जागा आहे का? प्यायचं पाणी गाडीच्या वेळेपुरतं की दिवसभर? सकाळच्या बाजाराला पोचेल अशी गाडी तिथे थांबणार आहे का? जुन्या स्टेशनात यांतल्या काही सोयी चुकून झाल्या होत्या. नव्या स्टेशनात त्या समजून-उमजून व्हायला हव्यात. ग्रामसभेत ठराव करताना 'आम्हाला स्टेशन पाहिजे' एवढंच लिहू नका. कसं पाहिजे, तेही लिहा.

दुसरी गोष्ट जुन्या इमारतींबद्दल, आणि ती मुख्यतः शिक्षकांसाठी आहे. सगळी स्टेशनं वाचतील अशी आशा मी धरत नाही. सगळी वाचवायची गरजही नाही. पण एखाद-दुसरं नीट दुरुस्त करून ठेवावं, एवढी मागणी करायला काय हरकत आहे? त्यात वाचनालय चालेल, बचत गटाचं दुकान चालेल. इमारतीत माणसाची वर्दळ राहिली तर इमारत टिकते, हे आपण वर पाहिलंच.

ते होईल तेव्हा होवो. आपल्या हातात आज आहे ते आज करू. एखाद्या शनिवारी, शाळा सुटल्यावर, मुलांना घेऊन जवळच्या स्टेशनावर जा. मोडक्या छपराखाली मुलांना नेऊ नका, सापकिरडाची काळजी घ्या, बाहेरूनच पाहा. बरोबर एक लांब दोरी घ्या, तिला दर मीटरला गाठ मारा. इमारतीची लांबी-रुंदी मोजा, दारं-खिडक्या मोजा आणि कागदावर आकृती काढा. भूमितीचा धडा झाला. रुळांमधलं अंतर मोजा, ते ७६२ मिलिमीटर भरतं का पाहा. सिग्नलाच्या लोखंडावर, रुळाच्या अंगावर काही अक्षरं ओतलेली असतील, ती उतरवून घ्या. लिव्हरपूलचं नाव असलेले सिग्नल या लाईनीवर होते. मग नकाशात लिव्हरपूल शोधा. भूगोलाचा धडा झाला.

नंतर गावातल्या म्हाताऱ्या माणसांना शाळेत बोलवा. कुणी गँगमध्ये रूळ ठोकले असतील, कुणी गाठी लोटल्या असतील, कुणी पहिल्यांदा सासरी त्या गाडीनं आली असेल. पाण्याची टाकी कुठे होती, मालधक्का कुठे होता, गाडीत काय काय चढायचं, ते विचारा. त्यांनी सांगितलं तसं, त्यांच्याच बोलीत, मुलांना लिहू द्या. ती वही शाळेच्या कपाटात ठेवा. इंग्रज कंपनीनं किती गाठी नेल्या, त्याचा हिशेब तिच्या दप्तरात लिहिला गेला. टोपल्यांचा हिशेब कुणी लिहिला नाही. तो लिहिणारं दुसरं कुणी नाही, तुम्हीच आहात.

आणि एक विनंती गावकऱ्यांना. स्टेशनाची फळी, दार, रुळाचा तुकडा कुणी उचलून नेत असेल, तर त्याला हटका. ती रेल्वेची मालमत्ता आहे, हे तर झालंच. पण त्या दारातून आपली आई-आजी टोपली घेऊन गेली आहे, हेही त्याला सांगा.

कालिदासाच्या नाटकात राजा शकुंतलेला विसरतो. मग एका कोळ्याला माशाच्या पोटात अंगठी सापडते आणि राजाला सारं आठवतं. अंगठी कोळ्याला सापडली, दरबारातल्या पंडिताला नाही, ही गोष्ट मला फार आवडते. आमच्या शकुंतलेची खूणही अशीच कुणा शाळकरी मुलाच्या वहीत सापडावी, एवढी इच्छा व्यक्त करतो आणि आपली रजा घेतो.